नवीन राउटर आल्यापासून फक्त बाबांच्या फोनला नेट नाही, आणि यादीत अनोळखी फोन दिसतायत

मृदुला_सांगली

नमस्कार. तीन गोष्टी एकदम विचारतेय कारण मला वाटतंय त्या एकमेकांत अडकलेल्या आहेत, नसतील तर सांगा, वेगळा धागा काढते.

आमच्याकडे फायबरचं कनेक्शन आहे. मागच्या आठवड्यात जुना राउटर गेला म्हणून ऑपरेटरचा मुलगा येऊन नवीन बसवून गेला. नाव आणि पासवर्ड आधीचाच ठेवला त्यामुळे सगळ्यांचे फोन आपोआप जोडले गेले, फरक इतकाच की आता वायफायची दोन नावं दिसतात, एक जुनं आणि एक तेच पण शेवटी ५जी लावलेलं. टीव्ही चालतो, माझा लॅपटॉप चालतो, सासूबाईंचा फोन चालतो, पण बाबांच्या म्हणजे सासऱ्यांच्या फोनवर "कनेक्ट केलेले, इंटरनेट नाही" असंच येतंय, दोन्ही नावांवर. मोबाइल डेटा चालू केला की तोच फोन एकदम व्यवस्थित. बाबा सकाळपासून हळदीचे आणि तासगावच्या बेदाण्याचे भाव बघत असतात, ग्रुपवर सौद्याचे व्हिडिओ येतात, त्यांचा दिवसाचा डेटा दुपारच्या आत संपतो आणि मग फोन नुसता पडून. ऑपरेटरला फोन केला तर म्हणे बाकीचे फोन चालतायत ना मग तुमचा फोनच खराब आहे, दुकानात दाखवा.

मध्ये एकदा वर नोटिफिकेशन आलं होतं, "खाजगी डीएनएस सर्व्हर ॲक्सेस करू शकत नाही". हे दिवाळीत भाच्याने करून दिलेलं आहे, जाहिराती येऊ नयेत म्हणून कुठलंतरी नाव टाकलं होतं. त्याआधी बाबांनी "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे" अशा एका जाहिरातीवर दाबलं होतं आणि भलतंच ॲप आलं होतं, म्हणून ते नुसतं काढून टाकायचं माझ्या जिवावर येतंय.

दुसरं म्हणजे राउटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी आहे त्यात पंधरा दिसतायत, घरात मोजून आठ आहेत. अर्ध्यांना नावच नाही, नुसते आकडे आणि अक्षरं. वरच्या मजल्यावर कॉलेजची मुलं भाड्याने राहतात, सासूबाईंचं ठाम मत आहे की तेच आपलं नेट वापरतायत आणि त्या आज संध्याकाळी त्यांच्याशी बोलणार आहेत.

तिसरं, मुलगा नववीत आहे, त्याच्या फोनला राउटरमधून रात्री दहानंतर नेट बंद असं लावलंय, तरी चालूच असतं. त्याचं म्हणणं मी काहीच केलेलं नाही.

पासवर्ड बदलून टाकू का सरळ? पण मग टीव्ही, कॅमेरा सगळं परत जोडत बसावं लागेल म्हणून आधी विचारतेय.

घाटमाथा

बाबांच्या फोनचं उत्तर त्या नोटिफिकेशनमध्येच आहे. सेटिंगमध्ये जाऊन वरच्या सर्चमध्ये "खाजगी डीएनएस" टाका, तिथे तीन पर्याय येतील, बंद, आपोआप आणि नाव टाकायचा. ते आपोआपवर करा, लगेच नेट येईल. भाव बघायला मिळूदेत आधी, बाकीचं नंतर निवांत बघा.

तारवाला_इचलकरंजी

मृदुलाताई, मी फायबर जोडणीच्याच कामात आहे, रोज दोनचार घरं अशी बघतो. तुमचं बरोबर आहे, तिन्ही गोष्टी एकाच कारणाने झाल्यात आणि ते कारण म्हणजे नवीन राउटर. फोन खराब नाही आणि तुमचा मुलगा बहुतेक खरं बोलतोय. आणि कृपा करून सासूबाईंना आज संध्याकाळी थांबवा, हे मी सगळ्यात आधी सांगतो, कारण या यादीवरून शेजाऱ्यांशी वाईटपणा आलेली घरं मी बघितली आहेत आणि त्यात बहुतेक वेळा शेजाऱ्यांचा काहीही संबंध नसतो.

आता यादीचं बघा. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, फोन वायफायला जोडताना स्वतःचा खरा मॅक ॲड्रेस, म्हणजे राउटर ज्यावरून उपकरण ओळखतो तो नंबर, देतच नाही, एक बनावट तयार करून देतो. आयफोनमध्ये हेच २०२० ला आयओएस १४ पासून आलं. कारण चांगलं आहे, मॉलमध्ये, स्टेशनवर, हॉटेलात तुमचा फोन कुठे कुठे फिरला हे त्या मॅकवरून जोडता येत होतं, आता येत नाही. पण हा बनावट मॅक प्रत्येक वायफायच्या नावाला वेगळा असतो. तुमच्याकडे आधी एक नाव होतं म्हणून एका फोनचा एक मॅक. आता दोन नावं झाली, फोन कधी या नावाला जोडला जातो कधी त्या, म्हणजे तोच फोन यादीत दोनदा येणार, दोन वेगळे माणसं असल्यासारखा. घरातल्या चार फोनचे आठ झाले तिथेच. वर बऱ्याच राउटरची यादी आत्ता या क्षणी कोण जोडलंय एवढीच नसते, गेल्या चोवीस तासांत ज्याला ज्याला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिला ते सगळे त्यात पडलेले असतात, पाहुणे येऊन गेले तर तेही.

ओळखायचं कसं ते सांगतो. मॅक ॲड्रेस म्हणजे बारा अक्षरं, दोन दोनच्या सहा जोड्या. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर बघा फक्त. ते २, ६, ए किंवा ई यापैकी असेल तर तो बनावट मॅक आहे, म्हणजे जवळपास नक्की एखादा फोन किंवा नवा लॅपटॉप. दुसरं काही असेल तर तो खरा, कंपनीने कारखान्यात दिलेला, आणि खऱ्या मॅकच्या पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणारी कंपनी शोधता येते, त्या तीन जोड्या नेटवर टाकल्या की नाव येतं. टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर हे सहसा खऱ्या मॅकवर असतात.

मग घरातला एकेक फोन हातात घ्या, वायफायच्या नावासमोरच्या चाकावर दाबा, खाली त्या नावासाठीचा मॅक लिहिलेला असतो, तो कागदावर उतरवा. दोन्ही नावांना जोडून दोन्ही उतरवा. मग यादीशी ताडून बघा. जे उरेल त्याचा विचार करू.

पासवर्ड आत्ता बदलू नका. आधी कोण कोण आहे ते कळूदे, नाहीतर जे उपकरण तुमच्या लक्षातच नाही ते गुपचूप बंद पडेल आणि महिन्याने कळेल.

मुलाचं तर आता तुमच्याच लक्षात आलं असेल. दहाची मर्यादा तुम्ही त्याच्या फोनच्या एका मॅकवर लावली आहे, दुसऱ्या नावाला जोडला की राउटरच्या दृष्टीने तो वेगळाच फोन. त्याच्या फोनमध्ये घरच्या वायफायच्या सेटिंगमध्ये "गोपनीयता" म्हणून ओळ असते, त्यात रँडम ऐवजी "डिव्हाइस मॅक वापरा" निवडा, दोन्ही नावांसाठी. सॅमसंग असेल तर तिथे "फोन मॅक" असं लिहिलेलं असतं. मग तो दोन्हीकडे एकाच मॅकने दिसेल आणि मर्यादा लागू पडेल. हे फक्त घरच्या वायफायला करा, बाहेरच्या कुठल्याही वायफायला रँडमच राहूदे.

बाबांच्या फोनचं सविस्तर संध्याकाळी लिहितो, आत्ता खांबावर चढायचंय.

रात्रपाळी

एवढं सगळं करण्यापेक्षा एक चांगला व्हीपीएन, म्हणजे तुमचं सगळं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून झाकून नेणारं ॲप, घ्या आणि सगळ्यांच्या फोनवर टाका. ऑपरेटरला काही दिसणार नाही, जाहिराती पण बऱ्याच व्हीपीएनमध्ये अडवतात, डीएनएसची भानगडच नको.

तारवाला_इचलकरंजी

आलो. आधी बाबांचा फोन मग व्हीपीएनबद्दल.

कुठलीही साइट उघडताना फोन आधी विचारतो की या नावाचा पत्ता काय, ती चौकशी म्हणजे डीएनएस. ही चौकशी वर्षानुवर्षं पोस्टकार्डावर लिहिल्यासारखी उघडी जात होती, वाटेतला कुणीही वाचणार, ऑपरेटर तर नक्कीच. प्रायव्हेट डीएनएस म्हणजे तीच चौकशी बंद पाकिटातून. अँड्रॉइडमध्ये हे २०१८ ला अँड्रॉइड ९ बरोबर आलं. आता ही बंद चौकशी ८५३ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे नंबर दिलेल्या वाटेवरून, जाते, जुनी उघडी चौकशी ५३ वरून जायची. आणि नेमकं इथेच अडलंय. नवीन राउटरमध्ये फायरवॉलची, म्हणजे काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहाऱ्याची, पातळी असते, लो, मीडियम, हाय. हायवर ठेवलं की काही राउटर बाहेर जाणाऱ्या ठराविक पोर्टनाच वाट देतात, वेब, मेल, साधं डीएनएस वगैरे, आणि ८५३ त्या यादीत नसतो. बाकीच्यांचे फोन चालतात कारण त्यांचं खाजगी डीएनएस "आपोआप"वर आहे, आपोआप म्हणजे ८५३ जमलं तर ठीक नाहीतर गुपचूप ५३ वर. बाबांच्या फोनवर नाव टाकलेलं आहे, आणि नाव टाकलं की फोन हट्टाला पेटतो, त्याच सर्व्हरशी बंद पाकिटातूनच बोलणार, नाही जमलं तर नेटच नाही म्हणणार. हा हट्ट मुद्दाम ठेवलेला आहे, नाहीतर वाटेतल्या कुणीही ८५३ अडवलं की फोन निमूटपणे उघड्यावर बोलायला लागला असता आणि तुम्हाला कळलंही नसतं. मोबाइल डेटावर ८५३ मोकळा आहे म्हणून तिथे चालतं.

खात्री करायला हे करा. भाच्याने टाकलेलं नाव जसंच्या तसं तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये टाका. तुमचंही नेट गेलं तर फोनचा दोष नाही हे सिद्ध झालं. मग बाबांचा फोन तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा, तिथे वायफाय असूनही चाललं तर दोष घरच्या राउटरमध्ये. तपासून झालं की तुमचं परत आपोआपवर आणा.

त्या आधी दोन बारीक गोष्टी बघून घ्या कारण त्यानेही हेच लक्षण दिसतं. एक म्हणजे नावात एखादं टिंब किंवा अक्षर चुकलेलं नाही ना, आणि तिथे नावच चालतं, आकड्यांचा पत्ता टाकून चालत नाही. दुसरं म्हणजे फोनची तारीख आणि वेळ. पाकिटाचं सील तारखेवरून तपासलं जातं, घड्याळ चुकीचं असेल तर सील खोटं वाटतं आणि जोडणी नाकारली जाते. तुमच्याकडे डेटावर चालतंय म्हणजे हे दोन्ही ठीक असणार, पण दुसरं कोणी हा धागा वाचत असेल तर उपयोगी पडेल.

दोष राउटरचा निघाला तर लॅपटॉपवर राउटरचं पान उघडा. पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असतो, नसेल तर वायफायच्या तपशिलात गेटवे म्हणून जो लिहिलेला असतो तो. सिक्युरिटीमध्ये फायरवॉल, तिथे हायचं मीडियम करा, नाही चाललं तर लो. पूर्ण बंद करू नका. लोवर ठेवलं तरी बाहेरून आत येणारं अडवलेलंच राहतं, फक्त आतून बाहेर जायला वाट मोकळी होते. पूर्ण बंद केलं आणि तुमच्या कनेक्शनवर आयपीव्ही६, म्हणजे नव्या प्रकारचे पत्ते, असतील तर घरातलं प्रत्येक उपकरण बाहेरून थेट पोचण्यासारखं होऊ शकतं, ते नको.

आत गेलाच आहात तर त्याच फेरीत राउटरच्या पानाचा पासवर्ड बदला, वायफायचा नव्हे, आत शिरायचा. तो बहुतेक घरी ॲडमिनच असतो आणि राउटरच्या मागच्या स्टिकरवर छापलेला असतो, म्हणजे वायफायवर आलेला कुठलाही पाहुणा आत जाऊन तुमचं डीएनएसच बदलू शकतो, मग बँकेचं नाव टाकलं तरी भलत्याच पानावर जाल. असे हल्ले खरोखर झालेत, डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसने जगभरातल्या लाखो कॉम्प्युटरचं डीएनएस बदललं होतं आणि त्याचे सर्व्हर शेवटी जुलै २०१२ मध्ये एफबीआयच्या देखरेखीखाली बंद झाले. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, ती पण बंद करा. त्याचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ पासून माहीत आहे आणि तरी आजही चालू करून दिलेले राउटर मला सापडतात.

आता रात्रपाळीभाऊ, व्हीपीएनबद्दल. ऑपरेटरला दिसत नाही हे खरं, पण मग तेच सगळं व्हीपीएनवाल्याला दिसतं, विश्वास फक्त एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, आदेश काढला की व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते वगैरे ५ वर्षं जपून ठेवायची, त्यानंतर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. फुकटचे व्हीपीएन तर माझ्या मते वयस्कर माणसाच्या फोनवर कधीच टाकू नयेत. आणि घरात अजून एक अडचण येते, व्हीपीएन चालू असला की काही बँकांची ॲप उघडत नाहीत, फोनवरून टीव्हीवर कास्ट होत नाही, बाबांना हे कोण समजावणार. बाहेरगावी कामासाठी लागतो तो भाग वेगळा.

रात्रपाळी

बँकेचं ॲप न उघडण्याचं पटलं, माझ्याही वडिलांच्या फोनवर तसंच होतं, मी प्रत्येक वेळी बंद करून देतो. ५ वर्षांचं माहीत नव्हतं. पण मग मृदुलाताईंना ऑपरेटरपासून खाजगीपणा हवा असेल तर नुसतं प्रायव्हेट डीएनएस पुरतं का?

तारवाला_इचलकरंजी

पूर्ण नाही पुरत. चौकशी झाकली तरी पुढे साइटशी जोडताना फोन साइटचं नाव बहुतेक वेळा उघडंच सांगतो, ऑपरेटरने ठरवलं तर कुठली साइट एवढं तो बघू शकतो, आत काय वाचलं ते नाही. म्हणून मी लोकांना सांगतो की प्रायव्हेट डीएनएसचा घरातला खरा फायदा जाहिराती आणि फसवी पानं अडवण्याचा आहे. बाबांसाठी तो फायदाच मोठा आहे, त्यामुळे ताई, भाच्याने केलं ते चांगलंच केलं होतं.

निशिगंध_पुणे

मला यात एक भर घालायची आहे. डीएनएसइतकंच फोनच्या आतलं महत्त्वाचं आहे आणि तिकडे कोणी बघत नाही. बाबांच्या फोनवर ते भलतं ॲप आलं होतं म्हणालात ना, ते काढलं असेल पण त्याने दिलेल्या परवानग्या आणि ब्राउझरमधली नोटिफिकेशन अजून असतील. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन, तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी असते. माझ्या आईच्या फोनवर तिथे कुठल्या कुठल्या बातम्यांच्या, लॉटरीच्या, कर्जाच्या साइट भरलेल्या होत्या आणि त्या दिवसभर "व्हायरस सापडला" म्हणून वर टिंगटिंग वाजवत होत्या, आईला वाटायचं फोनच सांगतोय. या नोटिफिकेशन क्रोमच्या नावाने येतात, साइटचं नाव बारीक अक्षरात असतं. सगळ्या काढून टाकल्या आणि नवीन कोणी विचारूच नये असं केलं, त्या दिवसापासून शांत आहे.

मग गूगलच्या सेटिंगमध्ये जाहिराती म्हणून भाग आहे तिथे "जाहिरात आयडी हटवा" करा, अँड्रॉइड १२ पासून ते करता येतं. लोकेशन कोणाकोणाला दिलंय ते बघा, भाव दाखवणाऱ्या ॲपला सतत लोकेशन लागत नाही, ॲप वापरताना पुरे. आणि अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची परवानगी क्रोमला किंवा व्हॉट्सॲपला दिलेली असेल तर ती आधी बंद करा. लग्नपत्रिका म्हणून किंवा बँकेचं म्हणून ॲपची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून लुबाडण्याचे प्रकार चालू आहेत, ती परवानगी बंद असेल तर फाइल दाबली तरी फोन मध्ये थांबवतो.

हे सगळं बाबांना शेजारी बसवून करा, त्यांच्या हातात फोन ठेवून. आपण परस्पर करून दिलं की पुढच्या वेळी परत तेच विचारायला येतात आणि आपण घरी नसतो.

मृदुला_सांगली

सगळ्यांचे खूप आभार, मी काल रात्री आणि आज सकाळी बसून हे केलं, काय निघालं ते सांगते.

सासूबाईंना थांबवलं आणि ते फार बरं झालं. आठ उपकरणांत आम्ही चौघांचे चार फोन, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा आणि ह्यांचा फोन जो शनिवार-रविवारी घरात असतो. कागदावर पाच रकाने केले, माणूस, जुनं नाव, ५जी नाव, मॅक, यादीत आहे का. पाचही फोन दोन दोनदा निघाले, लॅपटॉपही दोनदा कारण विंडोजमध्येही ते रँडमचं बटण चालू होतं. टीव्ही आणि कॅमेरा एकेकदा. म्हणजे चौदा झाले, पंधरापैकी एकच उरला. त्याची सुरुवात २४ ने, म्हणजे तारवालादादांच्या हिशोबाने खरा मॅक. पहिल्या तीन जोड्या शोधल्या तर एस्प्रेसिफ असं काहीतरी आलं, या नावाचा फोन मी कधी ऐकला नाही त्यामुळे सासूबाईंचा संशय परत जागा झालाय. हे काय असावं?

बाबांच्या फोनचं अगदी तुम्ही म्हणालात तसंच निघालं. ते नाव माझ्या फोनला टाकलं तर माझंही नेट गेलं, हॉटस्पॉटवर बाबांचा फोन चालला. राउटरच्या पानावर फायरवॉल हाय होती. मीडियमवर काही फरक पडला नाही, लो केली, फोनचं वायफाय बंद करून चालू केलं आणि नेट आलं. बाबा आत्ता माझ्यासमोर बसून बेदाण्याचे भाव मोठ्याने वाचतायत. आत शिरायचा पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस चालू होतं ते बंद केलं.

निशिगंधताई, क्रोमची नोटिफिकेशनची यादी उघडली तर एवढ्या साइट होत्या की खाली खाली जावं लागलं. बाबांना शेजारी बसवूनच काढल्या, प्रत्येक नाव ते वाचत होते आणि "ही मी उघडलीच नाही" म्हणत होते. त्यांना मी सांगितलं की बातमी वाचताना वर जी चौकट येते त्यात "अनुमती द्या" दाबलं की ती साइट इथे येऊन बसते. आता त्यांनी स्वतःच ते विचारणं बंद करून घेतलंय.

मुलाशी बोलले. तो खरंच काही करत नव्हता, त्याचा फोन आतल्या खोलीत आपोआप जुन्या नावाला जातो कारण ५जी तिथे पोचत नाही, आणि मर्यादा मी बाहेरच्या खोलीत बसून ५जी वाल्यावर लावली होती. त्याला मॅकचं समजावून सांगितलं आणि त्यानेच सेटिंग बदललं.

तारवाला_इचलकरंजी

वा, रकान्यांचा कागद फोटो काढून राउटरच्या मागे चिकटवून ठेवा, पुढच्या वेळी ऑपरेटरच्या मुलालाही उपयोगी पडेल.

एस्प्रेसिफ ही वायफायची चिप बनवणारी कंपनी आहे, शांघायची. तिच्या चिप स्मार्ट प्लग, स्मार्ट बल्ब, वायफायवाला पंखा, पाण्याच्या मोटरचा स्टार्टर अशा गोष्टींत असतात. फोनमध्ये नसतात, त्यामुळे वरची मुलं सुटली. एक विचारतो, गच्चीवर सोलर आहे का? सोलरच्या इन्व्हर्टरला खाली एक बोटाएवढी काडी लावलेली असते, तीच वायफायवरून किती युनिट तयार झाले ते मोबाइलवर पाठवते.

मृदुला_सांगली

आहे! सूर्यघर योजनेतून बसवलंय. बसवणाऱ्यांनी त्या वेळी वायफायचा पासवर्ड विचारून घेतला होता, आत्ता आठवलं. गच्चीवर जाऊन बघितलं, काडीवरच्या स्टिकरवर मॅक छापलाय, तोच आहे. सासूबाईंना स्टिकर दाखवला.

तारवाला_इचलकरंजी

म्हणूनच पासवर्ड बदलू नका म्हणत होतो. बदलला असता तर काडी सुटली असती, सोलर चालूच राहिलं असतं पण ॲपमध्ये युनिट दिसणं बंद झालं असतं, आणि ती परत जोडायला बहुतेक लोक बसवणाऱ्याला बोलावतात.

आता घाई नाही पण कधीतरी राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, चालू करून काडी आणि कॅमेरा तिकडे हलवा. या असल्या वस्तूंना वर्षानुवर्षं अपडेट मिळत नाही, त्या तुमच्या लॅपटॉपच्या नेटवर्कवर नसलेल्या बऱ्या. गेस्ट नेटवर्क २.४ गीगाहर्ट्झवर ठेवा, काडीला ५ गीगाहर्ट्झ कळत नाही. टीव्ही मात्र गेस्टवर टाकू नका, फोनवरून त्यावर काही दाखवायचं असेल तर दोघं एकाच नेटवर्कवर लागतात. आणि कोणी सांगेल की दोन नावं एकत्र करा म्हणजे यादी छोटी होईल, होते, एक नाव असलं की प्रत्येक फोनचा एकच मॅक राहतो, पण मग काडीसारख्या वस्तू जोडताना कधी कधी अडतात. तुमच्याकडे यादी आता लिहून झाली आहे त्यामुळे दोन नावं राहिली तरी चालेल.

साधना_दापोली

मध्येच विचारतेय, माझ्या मुलीचा आयफोन आहे, तिच्यावरही राउटरची वेळेची मर्यादा काही दिवस लागते आणि मग आपोआप सुटते. एकच वायफायचं नाव आहे आमच्याकडे.

निशिगंध_पुणे

साधनाताई, आयओएस १८ पासून आयफोनमध्ये त्याचे तीन प्रकार केलेत, बंद, फिक्स्ड आणि रोटेटिंग. रोटेटिंगवर असेल तर साधारण दोन आठवड्यांनी मॅक बदलतो म्हणून मर्यादा सुटत असणार. वायफायच्या नावासमोरच्या आय वर दाबा, तिथे प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस दिसेल, तो फिक्स्ड करा आणि मर्यादा त्या मॅकवर परत लावा. पासवर्ड असलेल्या चांगल्या नेटवर्कला आयफोन स्वतःहून फिक्स्डच घेतो, रोटेटिंग उघड्या किंवा कमजोर सुरक्षेच्या नेटवर्कला घेतो. त्यामुळे तुमच्याकडे रोटेटिंग निघालं तर एकदा राउटरची सुरक्षा कुठली आहे तेही बघा. नावाच्या खाली "कमजोर सुरक्षा" असं लिहून येत असेल तर राउटरमध्ये वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ निवडा.

साधना_दापोली

नावाच्या खाली कमजोर सुरक्षा असंच येतंय, मला वाटायचं रेंज कमी आहे म्हणून म्हणतोय. राउटरमध्ये डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए२ मिक्स, टीकेआयपी असं काहीतरी आहे. घरात एक जुना प्रिंटर आहे, तो चालेल ना बदलल्यावर?

तारवाला_इचलकरंजी

डब्ल्यूपीए२ एईएस २००६ पासून वायफायचं प्रमाणपत्र असलेल्या सगळ्या नवीन उपकरणांना सक्तीचं आहे, त्यामुळे प्रिंटर त्यानंतरचा असेल तर चालेल. डब्ल्यूपीए३ वर मात्र जाऊ नका, जुना प्रिंटर तिथे नक्की अडेल. पासवर्ड तोच ठेवा, नुसता प्रकार बदला, बहुतेक सगळं आपोआप जोडलं जाईल. प्रिंटर नाहीच जोडला गेला तर त्यातून जुनं नेटवर्क काढून परत जोडा, आणि त्याचं मॉडेल इथे लिहा, बघू.